उटण्याचा साबण घरी: बेस वितळवण्यापासून वडी गुंडाळण्यापर्यंत

साबणाचा बेस वितळवायचा, त्यात उटणं आणि सुगंध घालायचा, साच्यात ओतायचं आणि काही तासांनी वडी बाहेर काढायची. दिवाळीच्या तोंडावर घरी करायची ही कृती एवढीच आहे. तरीही उटणं तळाशी जाऊन बसतं, हळदीचा रंग विटकरी होतो, आठवडाभरात वड्यांना घाम फुटतो, नाहीतर दोनरंगी वडीचा वरचा थर आंघोळीच्या दुसऱ्याच दिवशी हातात सुटून येतो. यातली जवळजवळ प्रत्येक अडचण दोन गोष्टींतून येते: ओतताना बेस किती गरम होता, आणि त्यात बाहेरून काय नि किती घातलं. बेस हा मुळात पूर्ण साबण आहे. त्याच्याशी जितकी कमी छेडछाड कराल तितकी वडी चांगली निघते. व्हिडिओत वाटीभर दूध, चमचाभर मध, कोरफडीचा गर आणि लिंबू एकाच भांड्यात पडताना दिसलं, तर ती कृती तिथेच सोडून द्यावी.

बेस म्हणजे काय

तेल किंवा चरबीची कॉस्टिक सोड्याशी प्रक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. बेस विकत आणतो तेव्हा हे काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. त्यामुळे घरी कॉस्टिक हाताळावं लागत नाही, आणि कच्च्या तेलापासून केलेल्या साबणासारखी वडी चार-सहा आठवडे वाळत ठेवावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती वापरता येते.

मग दुकानातला नेहमीचा साबण किसून, वितळवून साच्यात का ओतता येत नाही? कारण तो नीट वितळतच नाही. त्यात साबणाचा अंश भरपूर आणि पाणी कमी असतं, आणि साबणाचे बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. गरम केलं की तो मऊ होतो, तारा सुटतात, चिकट गोळा होतो, पण पातळ होत नाही. आणखी तापवला तर करपतो. बेसमध्ये साबणाबरोबर ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांसारखे द्रावक आणि पाणी मिळून मोठा वाटा असतो. हे द्रावक साबणाचे स्फटिक मोठे होऊ देत नाहीत. म्हणून बेस ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होतो, गार झाला की पुन्हा घट्ट होतो, आणि काही न मिसळलेला बेस आरपार दिसतो. हे तंत्र जुनं आहे. लंडनमध्ये अँड्र्यू पिअर्स यांचा पारदर्शक साबण १८०७ मध्ये आला, तेव्हा हेच काम अल्कोहोलकडून करून घेतलं जात होतं.

पांढरा बेस म्हणजे बहुतेक वेळा तोच पारदर्शक बेस आणि त्यात टायटॅनियम डायऑक्साइड. शिया बटर, कोरफड, गोट मिल्क अशा नावांच्या बेसमध्ये ते ते घटक असतात खरे, पण पाकिटावरच्या यादीत त्यांचा नंबर शेवटून दुसरा-तिसरा निघाला तर नवल वाटून घेऊ नका. घटकांची यादी जास्त घटकाकडून कमीकडे जाते, त्यामुळे पहिली पाच-सहा नावं वाचणं पुरतं. सोडियम स्टिअरेट, सोडियम लॉरेट, सोडियम कोकोएट ही साबणाची नावं. सोडियम लॉरेथ सल्फेट दिसलं तर फेसासाठी डिटर्जंटही घातलेलं आहे. ते वाईटच असतं असं नाही, पण कोरड्या त्वचेला ते सोसत नसेल तर त्याशिवायचा बेस मिळतो.

साबण घेताना टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्याचं प्रमाण, पाहण्याची अनेकांना सवय असते. भारतीय मानकानुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या श्रेणीत ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० आणि तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के लागतं. बेदिंग बारला ४० टक्के चालतं. या मोजपट्टीवर वितळणारा बेस खालीच राहणार, कारण त्यातली बरीच जागा द्रावकांनी घेतलेली असते. ही वडी मऊ लागते ती त्यामुळे आणि लवकर झिजते तीही त्यामुळेच.

सामान आणि मोजमाप

१ किलो बेस घेतला तर १०० ग्रॅमच्या नऊ वड्या धराव्यात. भांड्याला, चमच्याला आणि साच्याच्या कडांना थोडा बेस चिकटतो, थोडं पाणी वाफेने जातं. दहावी वडी निघाली तर ती बोनस.

साच्यात किती माल मावतो हे पाण्याने पाहून घ्या. रिकामा साचा वजनकाट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, काठोकाठ पाणी भरायचं. बेस पाण्यापेक्षा थोडा जड असतो, त्यामुळे १०० ग्रॅम पाणी मावणाऱ्या साच्यात १०० ग्रॅमहून थोडा जास्तच बेस बसेल. नंतर साचा अगदी कोरडा करा. कोपऱ्यात राहिलेला पाण्याचा थेंब वडीवर खड्डा आणि मऊ डाग पाडतो.

काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी बेससाठी चालतो. सुगंधासाठी मात्र ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. ‘वीस थेंब टाका’ या सूचनेला अर्थ नाही, कारण ड्रॉपर बदलला आणि तेल दाट असलं की थेंबाचं वजन बदलतं. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर हवाच. याशिवाय सिलिकॉनचा साचा, स्टीलची दोन भांडी, सिलिकॉनचा उलथना, आणि स्प्रेच्या छोट्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल. ते रसायनांच्या दुकानात मिळतं. जेल सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही, त्यातल्या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थांचे डाग राहतात.

एक सूचना स्प्रेची. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. स्प्रे हातात घेण्याआधी गॅस बंद करायचा आणि ओतण्याचं काम ओट्यापासून लांब, टेबलावर करायचं. देवघरातला दिवासुद्धा लक्षात ठेवा. गरम बेस त्वचेवर सांडला तर चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा जास्त भाजतो, त्यामुळे लहान मुलांना मदतीला घ्यायचं असेल तर ते वड्या गुंडाळताना.

वितळवणं

बेसचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. मोठे ठोकळे टाकले तर बाहेरचा भाग उकळायला येतो आणि मधला दगड तसाच राहतो. मोठ्या पातेल्यात दोन-तीन बोटं पाणी, त्यात बेसचं भांडं, आच मंद. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. वर झाकण ठेवा, म्हणजे बेसमधलं पाणी उडून जाणार नाही. पण झाकणाला स्वच्छ पंचा बांधून घ्या, नाहीतर झाकणाला जमलेली वाफ थेंब होऊन बेसमध्ये पडते.

मायक्रोवेव्ह असेल तर ५०० ग्रॅम तुकड्यांना आधी ३०-४० सेकंद, मग दरवेळी १५-२० सेकंद देऊन ढवळा. दोन-चार तुकडे शिल्लक असताना थांबायचं. ते उरलेल्या उष्णतेत विरघळतात. सगळं पातळ होईपर्यंत मायक्रोवेव्ह चालू ठेवला तर मधला भाग फसफसून वर येतो.

बेस ६५ अंशांच्या आत वितळतो. ७० ही शेवटची मर्यादा समजा. त्यापुढे पाणी झपाट्याने उडतं, पारदर्शक बेस पिवळट पडतो, वास बदलतो, आणि वडी रबरासारखी चिवट होऊन फेस कमी देते. असा बेस पाणी घालून दुरुस्त होत नाही. गेलेलं पाणी किती ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि घातलेलं पाणी सारखं मिसळतही नाही.

ढवळताना उलथना तळाशी टेकवून सावकाश गोल फिरवा. अंड्यासारखं फेटलं की बारीक बुडबुडे आत अडकतात आणि पारदर्शक वडी धुरकट दिसते. फेस आलाच तर दोन मिनिटं न ढवळता ठेवा आणि वर अल्कोहोलचा हलका फवारा मारा, तो बसतो.

उटणं घालताना

१ किलो बेसला १० ग्रॅम उटणं पुरतं, २० ग्रॅमच्या वर जाऊ नका. इथे कोणतं उटणं, हा प्रश्न महत्त्वाचा. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, मुलतानी माती यांचं वस्त्रगाळ उटणं चालतं. ज्यात मसूर किंवा हरभऱ्याचं पीठ आहे ते साबणात घालू नका. पीठ बेसमधला ओलावा शोषून फुगतं, वडी ओली झाली की त्यावर बुळबुळीत थर येतो, आणि बुरशीला खाद्य मिळतं. बाजारच्या पुडीत पीठ आहे का ते यादीवरून कळतं. यादी नसेल तर चमचाभर पूड कोमट पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवा. पीठ असेल तर लापशीसारखी दाट होते.

उटणं आधी मलमलच्या कापडातून गाळा. वाळ्याचे आणि नागरमोथ्याचे धागे चाळणीतून सुटतात, कापडातून सुटत नाहीत. सुकी पूड सरळ बेसमध्ये टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या मोडायला जावं तर फेस होतो. म्हणून १० ग्रॅम उटण्यात २० ग्रॅम ग्लिसरीन घालून वाटीत गंधासारखं कालवून घ्या, आणि ही पेस्ट वितळलेल्या बेसमध्ये मिसळा.

आता धीर धरायचा. ६५ अंशांना बेस फार पातळ असतो आणि उटण्याचा कण त्याहून जड, त्यामुळे साच्यात ओतताक्षणी सगळं उटणं तळाशी जातं. वडी उलटी केल्यावर वर तपकिरी पट्टा आणि खाली कोरा साबण दिसतो. बेस ५० ते ५२ अंशांवर येईपर्यंत अधूनमधून ढवळत राहा. या टप्प्यावर तो दाट होतो, भांड्याच्या कडेला साय धरायला लागते, आणि उलथना उचलला की धार बारीक न राहता जाडसर पडते. खात्री करायची असेल तर छोट्या स्टीलच्या वाटीत चमचाभर ओता आणि दहापर्यंत आकडे मोजा. कण तेवढ्यात खाली बसले तर आणखी दोन मिनिटं थांबा. तरंगत राहिले तर ओता. खसखस, रवा, कॉफीची भरड यांनाही हीच रीत.

अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. १ टक्का म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीत १ ग्रॅम उटणं. अभ्यंगस्नानाला तेलानंतर अंगाला चोळतात त्या उटण्याची जागा हा साबण घेणार नाही. वास, थोडा खरखरीतपणा आणि रंग एवढं तो देतो.

हळद लाल का होते, कोकम मळकट का होतं

साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो. स्वयंपाकघरातले बहुतेक नैसर्गिक रंग इथेच फसतात. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी माध्यमात लालसर होतं. चुना लावला की हळद लाल होते ती याच कारणाने, आणि हळदीपासून कुंकू करण्यामागेही हाच गुण आहे. म्हणून हळदीचा साबण पिवळाधमक न होता केशरी-विटकरी होतो. त्यात कर्क्युमिन उजेडाने विटतं, तेव्हा उघड्यावर ठेवलेल्या वडीचा रंग महिन्याभरात फिका पडतो. हळद घालायचीच तर १ किलोला १-२ ग्रॅम. जास्त झाली तर टॉवेल रंगतो.

कोकम, जास्वंद, जांभूळ यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या गटातला. आंबट पदार्थात तो खुलतो, साबणात निळसर-हिरवट होऊन शेवटी मळकट करडा होतो. बिटाचा रंगही काही दिवसांत तपकिरी पडतो. कडुलिंबाच्या पाल्याची पूड आणि पालक सुरुवातीला सुरेख हिरवे दिसतात, पुढे खाकी होतात. गुलाबाच्या सुक्या पाकळ्या वडीवर लावल्या तर ओल्या साबणात त्या काळपट होतात, आणि न्हाणीघराच्या जाळीत अडकतात ते वेगळंच.

टिकणारे रंग खनिजांचे. लोह ऑक्साइडचे लाल, पिवळे, तपकिरी रंग साबणात वर्षभर तसेच राहतात. गेरूचा रंग याच लोह ऑक्साइडचा, पण रांगोळीच्या दुकानातला गेरू साबणासाठी घेऊ नका, त्यात आणखी काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं. सौंदर्यप्रसाधनांसाठी बनवलेलं ऑक्साइड किंवा मायका, म्हणजे अभ्रकाची चकाकती पूड, घ्या. मायकाचं प्रमाण ५०० ग्रॅमला पाव ते अर्धा चमचा. तेही आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये कालवायचं. कोळशाची बारीक पूड काळ्या-करड्या रंगासाठी भरवशाची आहे. खाण्याचे रंग स्वस्त पडतात, पण ते पाण्यात विरघळणारे असल्याने एका थरातून दुसऱ्यात झिरपतात. आज लाल-पांढरी असलेली वडी पंधरा दिवसांत सगळी गुलाबी झालेली दिसेल.

सुगंध आणि बाकीचे मोह

सुगंधी तेल १ किलोला १० ते २० ग्रॅम, ३० ग्रॅम ही वरची हद्द. त्यापुढे तेल बेसमध्ये मावत नाही, वडीच्या पृष्ठभागावर तेलकट थेंब सुटतात आणि वडी मऊ राहते. लवंग आणि दालचिनीची तेलं त्वचेला चटकन झोंबतात; त्यांचं प्रमाण याच्याही बरंच खाली ठेवा, आणि लहान मुलांसाठीच्या वड्यांत ती घालूच नका. सुगंध बेस ५५ अंशांच्या आसपास असताना, ओतण्याच्या अगदी आधी घाला. मेणबत्तीचा किंवा रूम फ्रेशनरचा सुगंध अंगावर वापरण्यासाठी नसतो. विकणाऱ्याकडे ‘साबणासाठी चालेल’ एवढ्या तोंडी आश्वासनाऐवजी त्वचेवर वापरायची मर्यादा लिहून मागा. व्हॅनिलाच्या सुगंधात व्हॅनिलिन असतं, त्याने पांढरी वडी हळूहळू तपकिरी होते. खराब झाली असं समजून टाकू नका. उटण्याच्या वडीला तो रंग उलट शोभतो.

बदाम तेल, खोबरेल, तूप असं काही मिळून ५०० ग्रॅमला एक छोटा चमचा, त्याहून जास्त नको. बेसमध्ये मोकळं कॉस्टिक शिल्लक नसतं, त्यामुळे वरून घातलेल्या तेलाचा साबण होत नाही. ते तेलच राहतं, फेस मारतं आणि कालांतराने खवट होतं. मधाचंही प्रमाण तेवढंच. मध ओलावा ओढतो, त्यामुळे जास्त झाला की वडी चिकट होते.

ताजं दूध, कोरफडीचा गर, काकडीचा किंवा पपईचा रस घालू नका. बेसमधलं पाण्याचं प्रमाण ठरवलेलं असतं. वरून पाणी पडलं की वडी घट्ट होत नाही, आणि ताजा वनस्पतिजन्य माल आत कुजतो. हिरवी-काळी बुरशी वडीच्या तळाशी आधी दिसते, वरून साबण ठीक वाटत असतो. दूध हवं तर दुधाची पावडर, ५०० ग्रॅमला एक चमचा, ग्लिसरीनमध्ये कालवून. लिंबाचा रस तर थेट साबणच मोडतो. आम्लाने साबणातून मेदाम्लं सुटी होतात, बेस गढूळ होतो आणि फेस कमी येतो. ‘व्हिटॅमिन सी’च्या नावाखाली लिंबू पिळणं म्हणजे पैसे देऊन आणलेला साबण फुकट घालवणं.

ओतणं आणि थर लावणं

साच्यात अल्कोहोलचा हलका फवारा मारा, ५० ते ५५ अंशांचा बेस एका धारेत ओता, आणि वर आलेल्या बुडबुड्यांवर लगेच पुन्हा फवारा. बुडबुडे बसायला काही सेकंदच मिळतात, साय धरली की ते तिथेच राहतात. नंतर साचा हलवू नका. म्हणूनच तो आधीपासून ताटात किंवा फळीवर ठेवलेला बरा.

१०० ग्रॅमची वडी दोन-तीन तासांत हाताला घट्ट लागते, तरी चार-सहा तास थांबा. किलोभर माल एकाच लांबट साच्यात ओतला असेल तर रात्रभर. फ्रिजमध्ये ठेवून घाई करू नका. बाहेर काढताच थंड वडीवर हवेतलं पाणी जमतं आणि घामाची सुरुवात तिथूनच होते. कडक प्लास्टिकच्या साच्यातून वडी निघत नसेल तेव्हाच फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवून काढा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या. सिलिकॉनच्या साच्याला ही वेळ सहसा येत नाही. चारी कडा आधी सैल करायच्या, मग तळातून अंगठ्याने दाबायचं.

दोन रंगांच्या वडीत वेळ साधणं हेच सगळं काम आहे. खालच्या थरावर बोट हलकेच टेकवलं तर सायीने ते पेललं पाहिजे, पण थर आतून अजून कोमट हवा. तेव्हा त्यावर अल्कोहोल मारायचं आणि ५० ते ५५ अंशांचा दुसरा बेस चमच्यावरून सावकाश सोडायचा. ६० अंशांच्या वरचा बेस साय भेदून खाली घुसतो आणि रंग मिसळतात. उलट, खालचा थर पूर्ण गार झाल्यावर ओतला तर दोन्ही थर नुसते एकमेकांवर बसतात, धरत नाहीत. उशीर झालाच असेल तर खालच्या थरावर काट्या-चमच्याने बारीक रेघा ओढा, भरपूर अल्कोहोल मारा आणि ओता. तेल जास्त घातलेले थर मात्र काही केलं तरी सुटतात.

वाळलेल्या घोसाळ्याची जाळी घालून केलेली वडी ही या पद्धतीतली खरी कामाची वडी. जाळीचे दोन सेंटिमीटर जाडीचे काप पूर्ण कोरडे करून साच्यात बसवा आणि ५५ अंशांचा बेस ओता. इथे बेस थोडा पातळच हवा, नाहीतर जाळीच्या पोकळ्यांत हवा अडकते. ही वडी वापरल्यावर उन्हात नाहीतर वाऱ्यावर वाळवावी लागते. ओलसर राहिलेल्या जाळीला वास येतो.

वड्यांना घाम का फुटतो

ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. त्वचेसाठी जो गुण म्हणून सांगितला जातो, तोच वडीवर दवासारखे थेंब उभे करतो. थेंब टिपून घेतले तर तासाभरात पुन्हा येतात, कारण हवा तीच असते. हा साबण बिघडल्याचा पुरावा नाही. धुऊन वापरा, काही होत नाही. पण भेट द्यायच्या वडीचा कागद चिकटतो आणि रंग उतरतो.

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर उघडी वडी घाम धरणारच. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी व्हायला लागते, तरी किनाऱ्यावर काळजी घ्यावी. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो: वडीतलं पाणी उडतं, कडा आक्रसतात आणि प्लास्टिक सैल पडतं. उपाय दोन्हीकडे एकच. वडी साच्यातून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आली की त्याच दिवशी क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, घडी खालच्या बाजूला घ्या, आणि पंख्याखाली वाळत ठेवू नका. जास्त वड्या असतील तर श्रिंक फिल्मच्या पिशव्या आणि हेअर ड्रायर. नुसता बटर पेपर किंवा हातकागद दिसायला छान, पण तो ओलावा अडवत नाही. कागद हवा तर फिल्मच्या वरून. ‘लो स्वेट’ म्हणून मिळणारे बेस घाम कमी करतात, थांबवत नाहीत.

वापरताना पाणी निथळणारी जाळीची साबणदाणी घ्या. साचलेल्या पाण्यात ही वडी नेहमीच्या साबणापेक्षा कितीतरी लवकर विरघळते. पहिल्यांदा केलेल्या घाण्यातली वडी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, दिवसभर पाहा. खाज किंवा लाली नसेल तर घरभर वाटा.

विकायचं असेल तर

बचत गटांच्या आणि दिवाळीच्या प्रदर्शनांत अशा वड्या सर्रास दिसतात, पण आंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्यानंतरचे सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांप्रमाणे विक्रीसाठी उत्पादन करायला परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायचा. तयार बेस वितळवून साच्यात ओतला तरी ते उत्पादनच धरलं जातं. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारखा, वजन आणि घटकांची यादी द्यावी लागते. स्वतःची जागा आणि परवाना शक्य नसेल तर परवानाधारक उत्पादकाकडून करून घेऊन आपल्या नावाने विकण्याचा रस्ता असतो. ‘गजकर्ण जातं’, ‘मुरुम बरे होतात’ असं लिहिलं की साबण औषधाच्या कक्षेत जातो; वेष्टनावर ‘उटण्याचा साबण’ एवढं लिहून थांबावं.

उरलेले तुकडे

कडा कापलेले, तुटलेले, घाम आलेले तुकडे पुन्हा वितळवता येतात. घाम आधी टिपून घ्या. दर वेळी थोडं पाणी आणि बराचसा सुगंध उडतो, म्हणून दोनदा वितळवलेला माल तिसऱ्यांदा एकटा न वापरता नव्या बेसमध्ये तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मिसळा. सुगंध पूर्ण मात्रेने पुन्हा घालू नका, निम्मा पुरतो. रंगीत तुकडे न वितळवता चौकोनी कापून साच्यात टाकले, त्यांवर अल्कोहोल मारलं आणि वरून ५० अंशांचा पारदर्शक बेस ओतला, तर वेगळीच वडी मिळते. बेस त्याहून गरम असला तर चौकोनांचे कोपरे विरघळून गोल होतात. बाजारच्या नेहमीच्या साबणाचे तुकडे मात्र यात मिसळू नका. ते पूर्ण विरघळत नाहीत आणि वडीत पांढरे खडे राहतात. त्यांचा वेगळा कीस करून, १०० ग्रॅमला २०-३० मिली पाणी घालून मंद आचेवर मऊ करा आणि साच्यात दाबून भरा. ही वडी ओबडधोबड होते, वाळायला दोन-तीन आठवडे घेते, आणि हात धुवायला ठेवायला काहीच हरकत नसते.